चारशे बारा ऐन

पहिली गोळी ऐनाच्या खोडात घुसली. दुसरी धुरपदाच्या गळ्यातून आरपार गेली. डोक्यावरचा फांद्यांचा भारा आधी पडला, मग त्यावर ती पडली. कमरेच्या लाकडी आकडीत खोवलेला कोयता जिथल्या तिथे होता. तिने त्याला हातही लावला नव्हता.

मंजुळा मेंगाळ तेव्हा शंभर पावलांवर होती. जीप खाली सोडून ती उतार चढत होती आणि "थांबा, थांबा" म्हणून ओरडत होती. दम लागल्याने ते ओरडणं तिचं तिलाच जेमतेम ऐकू येत होतं. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. एवढ्या गोंधळातही तिने घड्याळ पाहिलं. अठरा वर्षं नोंदी केलेल्या माणसाची ती सवय होती.

तिसरी गोळी तिच्या भावाला लागली. सोमा धुरपदाला उचलायला धावला होता. मांडी धरून तो बसला आणि बसल्या बसल्याच आडवा झाला.

मग ओहळातून दगड सुरू झाले. हेदवाडीत पाखरं हाकायला गोफण अजून घरोघर होती. पहिला दगड पथकाच्या ड्रोनला लागला आणि ते पानासारखं गिरक्या घेत खाली आलं. दुसऱ्या दगडाने एका जवानाचा डोळा फुटला. पाच जणांचं पथक कातळामागे गेलं. साठ-सत्तर ठाकर ओहळात दबले. मधल्या उतारावर फांद्या सवळलेले, म्हणजे छाटून घेतलेले, खांबासारखे उघडे चारशे बारा ऐन उभे होते, आणि त्यांच्यात एक बाई मेलेली व एक माणूस मरत असलेला.

हे सगळं एका कोऱ्या रकान्यामुळे झालं होतं. तो कोणी कोरा ठेवला, हे त्या डोंगरावर फक्त मंजुळाला ठाऊक होतं.

पर्णलेख ही यंत्रणा २०४३ साली सुरू झाली. त्याआधी देशाचं जंगल ढोबळ मोजलं जाई. उपग्रहाच्या चित्रात एका हेक्टरावर दहा टक्के सावली दिसली की ते जंगल. आमराई, निलगिरीची लागवड, सगळं त्यात जमा. दाट रान विरळ झालं तरी आकडा हलत नसे. पर्णलेखाने एकेक झाड मोजायला घेतलं. त्याचे उपग्रह लेझरची स्पंदनं खाली सोडतात. ती पानांवर, फांद्यांवर, जमिनीवर आपटून परतली की प्रत्येक झाडाचा आकार मिळतो. शिवाय ते झाडाचा उजेड पाहतात. ऊन पिणारं पान त्यातला शंभरातला एखादा अंश तांबूस उजेड म्हणून परत फेकतं. डोळ्यांना तो दिसत नाही, पण जिवंत हरितद्रव्याशिवाय तो निघत नाही. पानगळीत उजेड जातो आणि फांद्या राहतात, हे यंत्राला शिकवलेलं आहे. फांद्या आणि उजेड दोन्ही एकदम गेले, की त्या क्रमांकाचं झाड मेलं.

देशाने वर्षाला किती कोळसा जाळायचा, हे पुढच्याच वर्षी झाडांच्या आकड्यावर ठरू लागलं. झाड तोडणं म्हणजे शहरांची वीज तोडणं, असं मंत्री बोलू लागले, आणि ते खोटं नव्हतं. कायदा आला. एका गटात तीन दिवसांत शंभरावर झाडं मेली की गट 'लाल' होतो. लाल गटात कंत्राटी हरित पथक शिरतं. हत्यार जवळ असलेल्या माणसावर त्याला गोळी झाडता येते. न्यायालयाने त्यावर एकच लगाम घातला. पथकाच्या बंदुका पर्णलेखाला जोडायच्या, गट लाल असेल तोवरच त्यांचे चाप मोकळे राहतील.

यंत्राला जे वरून दिसत नाही, ते जमिनीवर जाऊन तपासणारे पडताळणीदार होते. मंजुळा त्यांतली एक, जुन्या ढोबळ मोजणीच्या काळापासून नोंदी करणारी. २०४४ साली झाडांची पहिली, पायाची नोंद झाली तेव्हा तिला तिच्याच माहेरचा डोंगर दिला गेला. प्रत्येक झाडाच्या नोंदीत एक रकाना होता: 'नियमित छाटणी – होय/नाही'.

हेदवाडीत राब होता. माघात ऐनाच्या फांद्या सवळायच्या, वाळवायच्या, शेणमाती घालून वाफ्यावर भाजायच्या आणि त्या राखेत नागलीचं, भाताचं रोप करायचं. ऐन मरत नाही. चैत्र-वैशाखात त्याला खोडापासून फुटवा येतो, आणि दोन वर्षं विसावा दिला की तो पुन्हा झुबकेदार होतो. हे पिढ्यान्पिढ्या चाललं होतं, आणि पिढ्यान्पिढ्या ते जंगलखात्यापासून लपवलं जात होतं. कारण खात्याचा माणूस फांदी पाहायचा आणि कोंबडी, दारू, नाहीतर पाठीची सालटी न्यायचा. "आमी तोडत नाय सायेब," हे हेदवाडीतलं मूल चालायच्या आधी शिकायचं.

मंजुळाचा बाप तेव्हा जिवंत होता. यंत्र घेऊन ती पहिल्या ऐनापाशी उभी राहिली, तसा तो म्हणाला, "राबाचं नाव कागदावर नको, मंजे."

"आबा, हा रकाना आपल्याच सोयीचा आहे. 'होय' लिहिलं तर उद्या कोणी विचारणार नाही."

"कागदावर आपल्या सोयीचं कवा काय आलंय? माझ्या बाच्या पाठीवर त्यो कागद हाय, बघितलास न्हवं? कोरं ठेव."

तिने कोरं ठेवलं. चारशे बारा वेळा.

दोन वर्षं काही झालं नाही. वाडीने खालची, मालकीच्या बांधांवरची झाडं सवळली; ती शंभराच्या आत होती. तिसऱ्या माघात वरच्या उताराची पाळी आली.

त्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नाशिकच्या केंद्रात तिच्या पडद्यावर गट लाल झाला. 'मृत: ४१२.' आकडा पाहताच तिला कळलं. पाच पावलांवर तिचे वरिष्ठ निमकर चहात खारी बुडवत बसले होते. तिने तोंड उघडलं असतं, तर दहा मिनिटांत पथक थांबलं असतं. पण पायाची नोंद जाणूनबुजून खोटी ठेवल्याबद्दल सात वर्षांची कैद होती. पथक पोचायच्या आत आपण पोचू, माणसं डोंगरावरून उतरवू, कोयते लपवू, मग कोणाला काही सांगावंच लागणार नाही, असा हिशेब तिने केला. बापाने केला असता तसाच.

"पडताळणीला जाते सर," एवढंच ती म्हणाली.

घाटात एक ट्रेलर आडवा झाला होता. तिथे पन्नास मिनिटं गेली.

ती रांगत सोमापाशी पोचली. ओढणी काढून तिने मांडीच्या वर करकचून आवळली. रक्त मंदावलं, थांबलं नाही.

"दादा, माझ्याकडं बघ."

"तू व्हय," सोमा म्हणाला. "जीप आणलीस का? मला वाटलं, चालत येतीस का काय."

"बोलू नको."

"धुरपदाकाकी?"

तिने ओढणीची गाठ आणखी घट्ट ओढली. सोमाने डोळे मिटून घेतले.

रुग्णवाहिका पायथ्याच्या नाक्यावर उभी होती, पण लाल गटात तिला प्रवेश नव्हता. मंजुळाने निमकरांना फोन लावला. डोक्यावरून एक दगड भिरभिरत गेला आणि कातळावर फुटला. उत्तरादाखल दोन गोळ्या आल्या.

"सर, हेदवाडीची झाडं मेलेली नाहीत. राबासाठी सवळली आहेत."

"रकाना कोरा आहे, मंजुळाबाई."

"मी कोरा ठेवला होता. जाणूनबुजून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हे वाक्य ध्वनिमुद्रित झालं. परत घ्यायचं असेल तर आत्ता घ्या."

"नमुना पाडा सर. वीस झाडांचा."

"तिथे गोळीबार चाललाय बाई!"

"म्हणून तर म्हणते."

नियम असा होता: पथक एकदा गटात शिरलं की केंद्रालाही ते परत बोलावता येत नाही, नमुनाच पाडावा लागतो. यंत्राने मृत ठरवलेल्या झाडांतली कोणतीही वीस यंत्रच निवडणार. पडताळणीदाराने प्रत्येकाला हातातला उजेडमापी लावायचा. विसांत वीस जिवंत निघाली, तर सगळी नोंद मागे, आणि गटाचा लाल रंगही मागे. तिच्या पडद्यावर वीस क्रमांक उमटले, उतारभर विखुरलेले. तिने अंगठा दाबून कबुलीजबाब पाठवला, सोमाचा हात त्याच्याच मांडीवर ठेवला आणि "दाबून धर" म्हणाली.

मग ती दोन्ही हात वर करून उभी राहिली.

"मी मेंगाळांची मंजुळा!" ती ओहळाकडे तोंड करून ओरडली. "झाडं जिती हायेत हे दाखवायचंय. दगड मारू नका!" कातळाकडे वळून ती म्हणाली, "मी केंद्राची पडताळणीदार आहे. माझ्या हातात मापी आहे, हत्यार नाही."

"मॅडम, बसा खाली!" कातळामागून आवाज आला. तो पथकप्रमुख रणदिवे. "माझ्या माणसाचा डोळा गेलाय. बाकीच्यांना धरून ठेवणं माझ्या हातात राहिलेलं नाही."

ती बसली नाही. पहिल्या ऐनापाशी गेली. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी जाड आणि भेगाळलेली असते. चाकूने तिने रुपयाएवढा तुकडा सोलला. आत पोपटी ओल होती. उघडं, बोडकं झाड खोडाच्या या पातळ थरात हरितद्रव्य धरून ठेवतं. उपग्रहाला ते सालीआडून दिसत नाही. तिने मापीचा चिमटा त्यावर बसवला. चिमटा आधी जागा अंधारी करतो, हरितद्रव्याला नव्वद सेकंद विसावा देतो, मग निळ्या प्रकाशाची एक थाप मारतो. थर जिवंत असेल तर तांबूस उजेड उलट येतो.

ते नव्वद सेकंद झाडाला टेकून, न हलता उभं राहायचं होतं.

जिवंत. दुसरं, जिवंत. चौथ्या झाडाला ती टेकलेली असताना ओहळातून कोणीतरी गोफण फिरवली. दगड तिच्या खांद्यावर बसला आणि हात बधिर झाला. "आंधळ्यांनो, मी हाय!" ती किंचाळली. ओहळातून एक म्हातारी त्या गोफणवाल्याच्या सात पिढ्या उद्धरताना ऐकू आली. नवव्या झाडापाशी कातळामागून कोणाचा तरी संयम सुटला. गोळीने तिच्या कानाजवळची साल उडवली, आणि सालीचे कण तिच्या गालात रुतले. ती हलली नाही. हलली असती तर चिमटा निसटून नव्वद सेकंद पहिल्यापासून मोजावे लागले असते. बाराव्या झाडाच्या वेळी वाडीतले दोघं कोयते घेऊन कातळाच्या मागच्या अंगाने चढू लागले. पथकाने एकाला पोटात गोळी घातली. दुसऱ्याने त्याला पाय धरून खाली ओढत नेलं. उतारावर ओला पट्टा उमटला.

एकोणिसावं झाड जिवंत निघालं तेव्हा दहा वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती. विसावं ते, ज्याच्या खोडात पहिली गोळी होती. त्याच्या बुंध्याशी धुरपदा पडली होती. तिचा नवरा हिरामण गोळ्या चुकवत तिथे येऊन बसला होता. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिच्या आकडीतला कोयता आता त्याच्या हातात होता.

"मॅडम!" रणदिवे ओरडला. "विसावं मोजू नका!"

ती थांबली.

"गटाचा लाल रंग उतरला की आमचे चाप बंद होतील. खाली जायची एकच वाट, तीही यांच्यातून. आम्ही पाच, ते सत्तर." त्याचा आवाज चिरकला, मग त्याने तो सावरला. "अर्धा तास द्या. मागच्या कड्यावरून दोर टाकून उतरतो. मग खुशाल मोजा. पहिली गोळी इशाऱ्याची होती हो. दुसरी... दुसरीचं मी काय सांगू?"

मागणी रास्त होती. मंजुळाने मागे पाहिलं. सोमाचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. मांडीवरचा हात घसरून मातीत पडला होता. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिने माणसं आणि मिनिटं एका तागडीत तोलली होती. आता पुन्हा तेच करायची वेळ आली.

"माझ्याकडं अर्धा तास नाय," ती म्हणाली. नोकरीत अठरा वर्षं जपलेली भाषा तिच्या तोंडून गळून पडली होती.

ती हिरामणापाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. "काका, कोयता टाक. आता त्यांच्या बंदुका बंद होणार. दादाला खाली न्यायचंय. कोयता टाक, मग मी मोजते."

हिरामणाने तिच्याकडे पाहिलं. "वाडीत कुनालाच ठावं नव्हतं, पथक येनार म्हनून. तुला ठावं व्हतं?"

"होय."

"कवा कळलं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. एक रकाना अजून कोरा ठेवता आला असता.

"सहा वाजून दहा मिनिटांनी."

"आन ही कवा गेली?"

"नऊ वीसला."

हिरामणाने बोटांवर काही मोजलं. मग मांडीवरचं डोकं अलगद भाऱ्यावर ठेवलं. "मोज तू," तो म्हणाला. कोयता त्याने टाकला नाही.

मंजुळाने साल सोलली. चिमटा लावला. नव्वद सेकंद तिने झाडाला कपाळ टेकवलं. आत रुतलेल्या गोळीभोवती पाझर सुटला होता, त्याचा तुरट वास येत होता. थाप पडली. उजेड आला. जिवंत.

कातळामागून पाच खटके एकामागून एक ऐकू आले. बंदुकांच्या दस्त्यांवरचे लाल दिवे विझले. ओहळातल्या माणसांना त्या आवाजाचा अर्थ कळायला क्षणभर लागला.

रणदिवे हात वर करून बाहेर आला. बंदूक त्याने गळ्यातून काढून लांब फेकली. "आम्ही येतोय खाली," तो म्हणाला. "जखमी आहे आमच्यात."

हिरामण उठला. मंजुळा त्याच्या आडवी गेली, दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. त्याने कोयता ओढून घेतला. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं त्याच्यासोबत गेली. "तुझं मागनं बघू," तो म्हणाला आणि चालत पुढे गेला. धावला नाही.

पहिला घाव रणदिवेच्या खांद्यावर बसला. रणदिवेने रिकाम्या हाताने दुसरा अडवला. तिसरा अडवायला तो हात उरला नव्हता. राबाची फांदी तोडताना हेदवाडीचा माणूस खालून वर, तिरका घाव घालतो, म्हणजे साल चिरत नाही आणि खोड जगतं. हिरामणाने तसे घाव घातले नाहीत. ओहळातून सगळी वाडी वर आली. डोळा गेलेल्या जवानाला त्यांनी दगडांनी मारलं. एकाला कड्यावरून लोटलं. उरलेले दोघं दोर न लावताच कडा उतरले, त्यांतला एक पोचला.

रुग्णवाहिका अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी आली. सोमा जगला. पाय गेला.

त्या संध्याकाळी सहा वाजता पर्णलेखाचं रोजचं पत्रक निघालं. त्यात एक ओळ होती: 'हेदवाडी गट. झाडांची हानी: शून्य. शेरा: छाटलेली, जिवंत.' माणसांसाठी त्या पत्रकात रकाना नसतो.

वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात सोमा कुबड्या घेऊन तुरुंगात भेटीला आला. जाळीपलीकडे बसायला त्याला बराच वेळ लागला.

"फुटवा आला," तो म्हणाला. "समद्यांना. गोळीवाल्यालाबी."

"हिरामणकाका?"

"शेजारच्या बराकीत हाय म्हनं. तुला दिसत नाय का?"

"बायकांची बाजू वेगळी, दादा."

"हां." त्याने कुबडी भिंतीला टेकवली. "नवा मानूस आलता तुझ्या जागी. चांगला हाय. पलीकडच्या उताराची झाडं नव्यानं लिवायची म्हनला. सातशे का काय. वाडी गोळा केली, चावडीवर बसवली, आन सरळ इचारलं, 'राबासाठी छाटता का? खरं सांगा, तुमच्याच भल्याचं हाय.'"

मंजुळा पुढे झुकली. तीन बोटांचा हात तिने जाळीवर ठेवला. "मग?"

सोमाने जाळीवरच्या त्या हाताकडे पाहिलं.

"दादा, मग काय सांगितलं?"

"त्याच्या मागं चार बंदूकवालं हुभं व्हतं, मंजे. नवं पथक. म्हातारी म्हनली, आमी तोडत नाय सायेब. मग समदीच म्हनली."

"आणि तू? तू होतास ना तिथं?"

सोमाने रिकाम्या विजारीची घडी नीट केली, पुन्हा एकदा केली.

"व्हतो," तो म्हणाला.

भेटीची घंटा झाली. तो उठायची धडपड करू लागला. मंजुळा जाळीला धरून महिने मोजत होती. पलीकडच्या उताराची पाळी येत्या माघात होती.